तुझ्या फोटोखालचं टेबल

प्रिय शारदाक्का,

जय भीम गं.

आज रविवार. धुणं बादलीत भिजतंय, कुकरकडं नवऱ्याला उभं केलंय आणि मी तुला पत्र लिहायला बसलेय. तू जाऊन वर्ष होत आलं, एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आजच का, असं विचारशील. कारण मला राग आलाय. लई राग आलाय! कंपनीतला राग ओतायला माझ्याकडं एकच माणूस होतं, आणि ते तू होतीस. मग आता दुसऱ्या कुणाला लिहू?

तर ऐक. आपल्या कँटीनमध्ये तुझा फोटो लावलाय.

हसू नकोस, खरंच लावलाय! हात धुवायच्या नळाच्या वर, भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये. प्लास्टिकच्या झेंडूची माळ घातलीय. आणि फोटो कुठला म्हणशील? आयडी कार्डावरचा! ज्यात तू चोरी करताना सापडल्यासारखी दिसतेस, तो. "ह्यो फोटो बघून बी वॉचमन मला रोज आत सोडतोय, ह्येच नवाल हाय," असं तूच म्हणायचीस ना? तोच मोठा करून टांगलाय. खाली इंग्रजीत आणि कन्नडमध्ये पाटी आहे, 'शारदा बडी योजना'.

बडी म्हणजे काय, ते तुला सांगायला पाहिजे. नवीन माणूस कामाला लागलं की त्याला एक जुनं माणूस जोडून द्यायचं. कँटीन कुठं, संडास कुठं, स्टोअरवाल्याकडून मापाची हत्यारं कशी गोड बोलून काढायची, कुठल्या साहेबासमोर चहाच्या आधी जायचं नाही, हे त्या जुन्यानं नव्याला सांगायचं. त्याला एकटं पडू द्यायचं नाही. एचआरला बेंगळुरूहून नव्या मॅडम आल्यात. त्यांनी आम्हाला हॉलमध्ये बसवून पडद्यावर चित्रं दाखवली आणि हे सगळं इंग्रजीत शिकवलं.

मी मागच्या रांगेत बसलते आणि माझे कान तापत होते. अगं, हे काय नवीन आहे काय? नोकरीभर तू दुसरं काय केलंस? आपल्या तपासणी विभागात आलेली एक तरी पोरगी दाखव, जिला तू हाताला धरून सगळ्या शेडमधून फिरवलं नाहीस. आणि त्याबद्दल कंपनीनं तुला काय दिलं होतं? मेमो!

'कामाच्या वेळेत नवीन कर्मचाऱ्यांशी अनावश्यक गप्पा.' आठवतंय? तू तो मेमो जेवणाच्या टेबलावर अंथरलास, त्यावर शेंगदाण्याची चटणी ओतलीस आणि म्हणालीस, "खावा गं पोरीनो, सायबानी ताट धाडलंय." आम्ही हसून हसून मेलो होतो. त्या मेमोवर ज्या प्लांटच्या साहेबांची सही होती, त्यांनीच मध्यंतरी तुझ्या फोटोला माळ घातली. वर भाषण! "शारदा मॅडम म्हणजे आपल्या कंपनीच्या पहिल्या बडी." टाळ्या. मला वाटलं उठावं आणि विचारावं, साहेब, तो चटणीचा मेमो कुठं ठेवलाय? तो पण फ्रेम करून लावा की शेजारी!

पण हे मी गिळलं असतं आक्का. मेलेल्या माणसाचं कौतुक करायला काही खर्च येत नाही, सगळीकडं हेच चालतं. खरा राग याच्या पुढं आहे.

तुझ्या फोटोच्या खाली एक टेबल टाकलंय. वेगळं. निळं कापड, मधोमध फुगा बांधलेला. नव्या माणसांनी पहिले तीन महिने आपापल्या बडीबरोबर तिथं बसून जेवायचं. 'बडी टेबल' म्हणे. बाकी सगळी कंपनी इकडं लांब टेबलांवर, आणि नवी माणसं तिकडं, नळापाशी.

वेगळं टेबल. नळापाशी. आणि तेही तुझ्या फोटोखाली! आक्का, त्या दिवशी मी डबा तसाच घरी परत नेला.

तू मला ती गोष्ट एकदाच सांगितलीस. मीच विचारलं होतं, नवीन कुणी आलं की तू सगळ्यांच्या आधी त्याचा डबा का उघडतेस गं? तेव्हा आपण गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत होतो. तू निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत, खोकत खोकत तिनं तुला डिप्लोमापर्यंत आणलं. तू पहिल्या नोकरीला लागलीस, ते एक छोटं वर्कशॉप. तिथं बायका दुपारी गोल करून डबे सोडायच्या. तू तुझा डबा घेऊन गेलीस तर एक बाई म्हणाली, "तुम्ही तिकडं बसा की, नळापाशी. हवा येती."

"हवा येती म्हनं!" तू हसत सांगत होतीस. "कुनी शिवी दिली न्हाय, कुनी हाकललं न्हाय. लई मायेनं हवेला बसवलं गं मला! आन मी जाऊन बसले सुदिक." ती नोकरी सोडेपर्यंत तू भिंतीकडं तोंड करून जेवलीस. मग म्हणालीस, "तवाच ठरवलं. आपल्यात नवीन मानूस आलं की त्येचा डबा पयला आपन उघडायचा. त्येच्यातला पयला घास आपन खायाचा. म्होरं ज्येला खायाचंय त्यो खाईल, न्हाय त्यो उठंल."

माझ्या डब्याचंही तेच केलंस ना! पहिला दिवस, गुंजीहून सकाळच्या गाडीनं आलते. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. वास सुटंल म्हणून डबा पिशवीतनं बाहेरच काढत नव्हते. तू आलीस, विचारलं नाहीस की काही नाही, झाकण काढलंस. "अय्यो, सुकाट! आन ही बया लपवून बसलीया!" भाकरीचा तुकडा मोडलास आणि खाल्लास. टेबल एकदम गप्प झालं. मला वाटलं, सुकटाच्या वासानं झालं.

हात धुताना एकजण माझ्या कानाशी लागली. "त्या कोण हाईत ठाऊक हाय न्हवं तुला?" मी म्हटलं, "माझी भाकरी खाल्ली त्यांनी. आणि काय ठाऊक पायजे?" ती काय विचारतेय ते मला कळलंच नव्हतं गं. संध्याकाळी गाडीत कळलं, आणि अशी चीड आली की दुसऱ्या दिवशी तुझ्या डब्यातली सगळी आमटी मीच संपवली. तुला कोरडी भाकरी खावी लागली! तू म्हणालीस, "पोरगी शेतकऱ्याची हाय का वैऱ्याची?" आणि त्या दिवसापासून मला अहो-जाहो करायची बंदी घातलीस.

असो. रागाकडं येते.

मला पण बडी केलंय. छातीवर बिल्ला आहे, हसऱ्या तोंडाचा. माझ्या वाट्याला रेणुका आली. वडगावची पोरगी, घरात कन्नड, गल्लीत मराठी, हिंदी लागेल तेवढी. कामाला वाघीण आहे. एकदा पार्ट हातात घेतला की त्यातली खोट तिच्यापासून लपत नाही. तू असतीस तर तिला पदराखाली घेऊन बसली असतीस. पण तिचा आवाज! आक्का, ती 'गुड मॉर्निंग' म्हणाली तरी भांडण पेटलं असं वाटतं. एकदा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली, "सर, ह्या लॉटमधले पार्ट पास करता येत न्हाईत." बरोबरच होतं तिचं. पण ते बाहेर शेडमधल्यांनीही ऐकलं, आणि दुपारपर्यंत सगळीकडं झालं की नवी पोरगी उद्धट आहे, साहेबांच्या अंगावर गेली.

तू काय केलं असतंस, ते मला पाठ आहे. "घर बगितल्याबिगर मानसावर तोंड सोडू नये." म्हणून गेले मी वडगावला, स्कूटर काढून. गल्लीत शिरले तेव्हापासून खडखडाट. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत माग, मागाच्या पलीकडं चूल. तिच्या आईनं मला बघितलं आणि अशी ओरडली की मी मागच्या मागं पायरीवरून उतरले. "बर्री, बर्री! आत या की! चा घेनार का सरबत?" तिचा बाप मागावरूनच ओरडला, बसा म्हणून. रेणुका आतून ओरडली, साखर कुठाय म्हणून. सगळं घर ओरडत होतं आणि सगळं घर हसत होतं! माझ्यासाठी माग बंद केले, तरी कुणाचा आवाज उतरला नाही. जन्मल्यापासून मागाच्या वरनं बोलायचं. हळू बोलून त्या घरात कुणाला मीठ तरी मिळेल काय?

निघताना तिच्या आईनं माझा हात धरला. तिच्या मानानं ते कुजबुजणंच होतं. "आक्का, हिला कायम करतील न्हवं? एक माग बंदच पडलाय. हिच्यावर हाय बगा सगळं." मला आक्का म्हणाली गं. मी 'करतील की' म्हणून बसले, जसं काय माझ्याच हातात आहे ते.

आणि गुरुवारी साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं. "सुवर्णा, तुम्ही रेणुकाच्या बडी. ती तुमच्याकडं मन मोकळं करत असेल. घरचं कसंय, इथं रमलीय काय, दुसरीकडं कुठं नोकरी बघतेय काय, उलट बोलायची सवय घरापासूनच आहे काय, ते जरा आमच्या कानावर घाला. सोमवारी तिला कायम करायचं की नाही ते ठरवायचंय. तुमच्या शब्दाला वजन आहे."

बघितलंस? याच्यासाठी बडी! गोड बोलून पोरीच्या पोटात शिरायचं आणि पोटातलं आणून साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. अरे, याला आमच्या गावात दुसरं नाव आहे! आणि त्या धंद्याला तुझं नाव दिलंय, आक्का, तुझं! आम्ही तुझ्याकडं काय काय बोललो असू. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाचा नवरा पिऊन पडलेला, कुणी दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू देऊन आलेलं. त्यातली एक गोष्ट या टेबलावरून त्या टेबलावर गेली असेल तर शपथ. रेणुकानं मला काय सांगितलंय ते मी तुला पण सांगणार नाही, या पत्रात पण नाही. तुझंच शिक्षण आहे ते.

साहेबांना म्हटलं, विचार करून सांगते. चहा तसाच ठेवून आले.

काल शनिवारी मी ठरवलं, बस्स. जेवणाच्या सुट्टीत बिल्ला काढून मुठीत घेतला आणि एचआरच्या मॅडमकडं निघाले. काय काय बोलायचं ते सगळं ठरलेलं होतं. पहिल्यांदा तुमचं टेबल, मग तुमची योजना, मग आमच्या आक्काचं नाव काढून टाका, आणि हा घ्या तुमचा बिल्ला! कन्नडमध्ये जुळवून ठेवलं होतं, म्हणजे एक शब्द इकडचा तिकडं व्हायला नको. दार ढकललं.

मॅडम जेवत होत्या. एकट्याच. केबिनमधलं टेबल भिंतीला लावलेलं, त्यामुळं तोंड भिंतीकडं. स्टीलच्या डब्यात लिंबू पिळलेलं चित्रान्न, एका हातात चमचा, दुसरा माऊसवर. मला बघून दचकल्या आणि डब्यावर झाकण सरकवायला लागल्या. अगदी मी सुकट लपवलं होतं, तश्शा.

आणि आक्का, तिथं मला तुझा राग आला! खरा राग! मी भांडायला गेलते गं! आयुष्यात कधी नाही ते इतकं सुंदर भांडण तयार करून नेलं होतं. आणि तुझी सवय लागलेला हा मेला हात, मला न विचारता त्या डब्यात गेला. झाकण बाजूला करून मी मॅडमच्या चित्रान्नाचा घास खाल्ला. तोंडात घास घेऊन भांडता येतं काय कुणाला?

मॅडम बघतच राहिल्या. मी आपलं म्हटलं, "मीठ कमी पडलंय, मॅडम."

तर त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, इथं आल्यापासून 'ऊट आतेन्री', जेवला काय, एवढं पण कुणी विचारलं नाही. कँटीनमध्ये पाऊल टाकलं की सगळे गप्प होतात. मी म्हटलं, "भितात तुम्हाला. एचआर म्हटलं की आमच्याकडं मेमोच आठवतो." सगळ्या कंपनीला बडी वाटणाऱ्या बाईला बडी कुणी दिला नव्हता! अशी ही आपली कंपनी.

मग मी बसले आणि सांगितलं. तुझा डबा, ते वर्कशॉप, ती 'हवा येती', सगळं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाल्या. "मला वाटलं, नव्या लोकांचं कौतुक होईल." साहेबांनी खबरा आणायला सांगितलंय, हे तर त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या चित्रांमध्ये ते नव्हतं म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या आक्कामध्ये पण नव्हतं.

त्या उठल्या, डब्याला झाकण लावलं आणि तो घेऊन कँटीनमध्ये आल्या. निळ्या टेबलाची एक बाजू त्यांनी धरली, एक मी. सगळे बघत होते, उठलं कुणी नाही. तेवढ्यात पलीकडनं रेणुका गरजली, "मॅडम, मागं पायरी हाय, पाय बगा!" आख्खं कँटीन हललं आणि मग हसत सुटलं. दोघीतिघी उठल्या. टेबल नेऊन लांब टेबलाला जोडलं. त्या ओढाताणीत फुगा फुटला, बरं झालं. मॅडमचा डबा रेणुकानं उघडला. मी तिला सांगितलं नव्हतं आक्का, शप्पथ नव्हतं सांगितलं. पहिल्या दिवशी तिचा डबा मी उघडला होता, तेवढंच.

हे सगळं चाललं असताना मी हात धुवायला गेले आणि वर तुझ्याकडं बघितलं. आणि परत भडकले. आता तुझ्यावर!

सगळ्यांचे डबे उघडलेस, मग तुझा का नाही उघडू दिलास? शेवटी शेवटी "मला भूक न्हाय, खावा तुमी" म्हणून डबा आमच्याकडं सरकवायचीस. आजारी आहेस, एवढं एका वाक्यात सांगता येत नव्हतं? कुणाकुणाचं पोटात ठेवलंस ते ठेवलंस, स्वतःचं पण ठेवायचं होतं? आम्ही इतक्या जणी होतो, त्यातल्या एकीला तरी तुझी बडी व्हायला लावायचं होतंस की गं! दवाखान्यात भेटायला आलो तर वर आम्हालाच विचारतेस, "जेवलासा काय?" काय म्हणावं तुला? हे मी तुला माफ करणार नाही. निदान यंदा तरी नाही.

तर आता ऐक, उद्या काय होणार ते. उद्या सोमवार. साहेबांच्या केबिनमध्ये मी जाणार, मॅडमही येतो म्हणाल्यात. मी सांगणार, रेणुका मोठ्यानं बोलते, कारण ती मागाच्या घरातली आहे. तिच्याबद्दल बाकी विचारायचं ते तिच्या कामाला विचारा, ते सगळं टेबलावर मांडलेलं आहे. तिच्या पोटातलं माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही. शारदाच्या नावाची योजना पाहिजे असेल तर ती अशीच चालेल, नाहीतर हा बिल्ला घ्या आणि मला पण एक मेमो द्या. चटणी घेऊनच येते.

तिला कायम करतील असं वाटतंय. नाही केलं तर मी गप्प बसणार नाही, आणि मी भांडते कशी ते तुला माहीत आहे. घास तोंडात नसला म्हणजे!

आणि आणखी एक. काल हात पुसता पुसता माझ्या लक्षात आलं. टेबल हलवलं, सगळी माणसं एकत्र बसली, आणि तू तिथंच. एकटी, नळापाशी, माळ घालून. लई मायेनं बसवलंय बघ त्यांनी तुला परत, हवेला! म्हणून उद्या येताना नवऱ्याकडनं हातोडी आणि खिळा मागून घेणार आहे. केबिनमध्ये जायच्या आधी पहिलं ते काम. लांब टेबलाच्या डोक्याशी, सगळ्यांच्या डब्यात बघता येईल असा तुझा फोटो लावणार. कुणी विचारलं तर विचारू दे. मी असेपर्यंत तुला त्या नळापाशी कुणी बसवणार नाही.

तुझी,
तुझी आमटी संपवणारी,
सुवर्णा